कर्ता कोण? ऑस्ट्रेलियातल्या वर्गात वसाहतीच्या हिंसेचा धडा घेताना

पहिल्या वर्षी मी या विषयाला एकच तास दिला आणि तोही वाया घालवला. पडद्यावर चौदा हत्याकांडांची यादी लावली: ठिकाण, साल, मृतांचा आकडा. वर्ग चिडीचूप होता. मला वाटलं, मुलं हादरली आहेत. तास संपताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मिस, यातलं परीक्षेला किती?" चूक त्या मुलाची नव्हती. मी सनावळी दिली होती, त्याने ती सनावळीसारखीच घेतली.

मी पश्चिम सिडनीत नववी-दहावीला इतिहास शिकवते. त्या तासानंतर दरवर्षी थोडंथोडं बदलत जे हाताशी आलं, ते इथे लिहिते आहे. इथल्या शाळांत नव्याने रुजू झालेल्या मराठी शिक्षकांसाठी हे आहे. रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्यांना आणि "मुलगी शाळेतून काहीतरी भयंकर ऐकून आलीय, आता काय सांगू?" म्हणून फोन करणाऱ्या आईबाबांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

पायरी पहिली: आधी आपला गृहपाठ

आपली शाळा कुणाच्या भूमीवर उभी आहे, हे आधी शोधा. माझी शाळा धरुग लोकांच्या भूमीवर आहे. आयात्सिस या राष्ट्रीय संस्थेने केलेला ऑस्ट्रेलियाचा नकाशा बघा. त्यावर अडीचशेहून जास्त भाषागटांचे रंगीत तुकडे दिसतात. तो नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हा 'ऑस्ट्रेलियाची भाषा इंग्रजी' हे माझ्या डोक्यातलं वाक्य कायमचं पुसलं गेलं. वर्गातही तेच होतं, म्हणून तो भिंतीवर लावाच.

इथे 'कंट्री' म्हणजे देश नव्हे. जमीन, पाणी, पूर्वज, गोष्टी आणि त्यांच्याशी असलेली कर्तव्यं, असं सगळं मिळून कंट्री होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री' तुम्ही-आम्ही कुणीही म्हणू शकतो. 'वेलकम टू कंट्री' मात्र त्या भूमीच्या लोकांनीच करायचं असतं. पाहुण्याने घरमालकाच्या वतीने "या, बसा" म्हणू नये, तसंच हे.

आता शब्दांकडे वळू. 'अ‍ॅबोरिजिनीज' हे नाम जुनं झालंय आणि ते लोकांना टोचतं, तेव्हा 'अ‍ॅबोरिजिनल लोक' म्हणा. टॉरेस स्ट्रेट आयलंडर हे वेगळे लोक आहेत, त्यांना त्यात कोंबू नका. त्याहून बरं म्हणजे थेट नाव घ्या: धरुग, विरायराय, नूंगार, वार्लपिरी. घरी मराठीत आपण सरळ 'आदिवासी' म्हणून मोकळे होतो. त्यात अपमान नाही, पण ऐकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे वारली चित्रं येतात. ती येऊ नयेत म्हणूनही नाव घ्यावं.

आणखी एक शब्द आपलाच आहे, 'वसाहत'. त्यात वसणं ऐकू येतं, उठवणं ऐकू येत नाही. इंग्रजी 'सेटलमेंट'चीही तीच गत. मी हे दोन्ही शब्द टाळत नाही. फळ्यावर लिहिते आणि विचारते, "कोण वसलं? त्याआधी तिथे कोण होतं?"

पायरी दुसरी: एकट्याने करू नका

न्यू साउथ वेल्समध्ये 'एईसीजी' ही अ‍ॅबोरिजिनल शिक्षण सल्लागार संघटना आहे आणि तिचे स्थानिक गट असतात. धडा घेण्याच्या निदान एक सत्र आधी त्यांच्याशी बोला. काय दाखवावं, काय दाखवू नये, कुठली गोष्ट सांगायचा हक्क कुणाचा, हे पुस्तकात मिळत नाही. एखाद्या एल्डरना, म्हणजे त्या समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्यांना, वर्गात बोलवायचं तर मानधनाची तरतूद आधी करून ठेवा. 'आमच्या मुलांना जरा सांगा ना' अशी फुकटची गळ घालू नका. आपल्याकडे कीर्तनकारालाही बिदागी देतात.

दिवंगत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं यांबद्दल अनेक समाजांत संकेत असतात. त्यामुळे असं काही दाखवण्याआधी सूचना द्यायची ही इथली रीत आहे.

याच पायरीवर माझी दुसरी चूक सांगून टाकते. वर्गात एक अ‍ॅबोरिजिनल मुलगी होती. मी भर तासात तिच्याकडे वळून विचारलं, "तुमच्या घरी याबद्दल काय सांगतात?" मला वाटलं, मी तिला मान देतेय. ती खाली बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तीस जणांसमोर तिच्या पणजीचं दुःख मी पाठ्यसाहित्य केलं होतं. आता मी अशा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी, एकांतात सांगते: अमुक दिवशी अमुक विषय आहे, हवं तर बाहेर बसता येईल, बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको. बहुतेक जण वर्गातच बसतात. कुणी बोलतं, कुणी बोलत नाही.

पायरी तिसरी: वय बघून

प्राथमिकच्या मुलांना मारण्याचे तपशील नकोत. त्यांना अन्याय चांगला कळतो. कुणाची तरी विहीर, मासे धरायची जागा, भाषा काढून घेतली, हे तिसरीतल्या मुलाला पुरेसं कळतं, आणि 'हे चूक आहे' असं तो आपणहून म्हणतो. 'हत्याकांड' हा शब्द मी सातवी-आठवीच्या आधी वापरत नाही. कागदपत्रं नववीपासून. पालकांना आठवडाभर आधी चार ओळींचं पत्र पाठवा. अचानक कळलं की लोक भांडायला येतात, आधी कळलं की प्रश्न विचारायला येतात.

पायरी चौथी: एकच घटना, चार तास

हा लेखाचा गाभा. चौदा घटना नकोत, एक घ्या. मी न्यू साउथ वेल्समधलं मायल क्रीकचं हत्याकांड घेते, कारण तिथे जे घडलं त्याची कोर्टातली साक्ष आज वाचता येते. फार थोड्या ठिकाणांबद्दल असं म्हणता येतं.

*पहिला तास* प्रेतांपासून सुरू करू नका. मी ब्रेवॉरिनाच्या नदीतल्या दगडी मत्स्यबंधाऱ्यांपासून सुरू करते. पाणी चढेल-उतरेल तसे मासे अडवणारी ती रचना मुलांना इंजिनिअरिंग म्हणून आवडते. दक्षिणेला, व्हिक्टोरियात, गुंडिजमारा लोकांनी बज बिम इथे ईल माशांसाठी खोदलेले कालवे आहेत. २०१९ साली त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. मग कमिलरॉय भाषेतला नमस्कार शिकवते, "यामा". त्या आठवड्यात हजेरीला मुलं "यामा, मिस" म्हणतात. पुढच्या तासाला ज्या लोकांबद्दल वाचायचं आहे ते याच भाषेच्या कुळातले. त्यांची ओळख मरणाच्या दाखल्यावरून होऊ नये.

*दुसरा तास* भांडण कशावरून होतं, ते समजावण्याचा. १७८८च्या जानेवारीत कैद्यांची ब्रिटिश वसाहत उभारायला आलेला आर्थर फिलिपचा ताफा सिडनीच्या बंदरात लागला. पुढच्या पन्नास वर्षांत मेंढ्या आणि गुरं आत आत सरकत गेली. इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि जनावरांना पाणी. पाणवठे मेंढ्यांनी घेतले की कांगारू जातात आणि कांगारू गेले की माणसं उपाशी राहतात. उपाशी माणूस गाय मारतो. गाय मारली की बंदूक येते. हे मी फळ्यावर बाणांनी काढते. दुष्काळी भागातून आलेल्या आपल्या मुलांना पाणवठ्याचं भांडण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग घटना. १० जून १८३८. हेन्री डँगर नावाच्या जमीनदाराचं मायल क्रीकचं गुरांचं ठाणं, आजच्या बिंगारा गावाजवळ. विरायराय लोकांचा एक गट काही आठवड्यांपासून ठाण्याच्या आश्रयाने शांतपणे राहत होता. बारा घोडेस्वार आले. त्यांतले अकरा गुराखी होते, कैदी किंवा शिक्षा भोगून सुटलेले. बारावा जॉन फ्लेमिंग, जमीनदार घराण्यातला. त्यांनी निदान अठ्ठावीस जणांना दोरीने बांधून नेलं आणि मारलं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. नंतर त्यांनी प्रेतं जाळली.

एवढंच सांगा. यापलीकडचे तपशील मला ठाऊक आहेत. ते वर्गात आणून मुलांच्या पदरात काही पडत नाही, झोप तेवढी जाते.

याच तासाला व्याकरणाचा खेळ खेळते. फळ्यावर तीन वाक्यं लिहिते:

मायल क्रीकला अठ्ठावीस जणांचा मृत्यू झाला.
मायल क्रीकला अठ्ठावीस जण मारले गेले.
बारा घोडेस्वारांनी मायल क्रीकला अठ्ठावीस जणांना मारलं.

"कर्ता कोण?" शाळेत आपल्याला हा प्रश्न विचारून विचारून बाईंनी पिडलं होतं, तो इथे कामाला आला. पहिल्या वाक्यात मृत्यू आपोआप होतो, पाऊस पडावा तसा. दुसऱ्यात कुणीतरी मारलंय, पण तो पडद्याआड आहे. तिसऱ्यात तो घोड्यावर बसलेला दिसतो. वर्गात हे इंग्रजीत चालतं, रविवारच्या शाळेत मराठीत करते. मराठीत जास्त रंगतं, कारण कर्तरी-कर्मणी घोकलेली मुलं पहिल्यांदाच म्हणतात, "अच्छा, हे यासाठी होतं!"

मग क्वीन्सलंडच्या 'नेटिव्ह पोलीस' दलाच्या (गोरे अधिकारी, हाताखाली अ‍ॅबोरिजिनल शिपाई) अहवालांतला एक लाडका शब्द देते, 'डिस्पर्स', म्हणजे पांगवणे. 'पोलिसांनी जमाव पांगवला' असं आपण मराठी पेपरात कितीदा वाचतो! तिथे या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा गोळ्या घालणं असा होता. मुलांना सांगते, घरी जाऊन आजच्या बातम्यांत कर्ता नसलेली तीन वाक्यं शोधा. दुसऱ्या दिवशी तीसच्या तीस जण घेऊन येतात. इतका नियमित गृहपाठ मला दुसऱ्या कशाचाच मिळालेला नाही.

*तिसरा तास* कोर्टाचा. ठाण्याचा व्यवस्थापक विल्यम हॉब्ज त्या दिवशी बाहेर होता. परतल्यावर त्याने शोध घेतला आणि वर कळवलं. जॉर्ज अँडरसन हा ठाण्यावरचा कैदी नोकर घोडेस्वारांसोबत गेला नाही, आणि पुढे साक्षीला उभा राहिला. गव्हर्नर गिप्सने तपास लावला, अ‍ॅटर्नी जनरल जॉन ह्यूबर्ट प्लंकेटने खटला चालवला. अकरा जणांवर आरोप ठेवले. आरोपींच्या वकिलांचा खर्च जमीनदारांच्या संघटनेने उचलला. १५ नोव्हेंबरला ज्यूरीने सगळ्यांना सोडून दिलं. प्लंकेट थांबला नाही. सात जणांवर वेगळ्या आरोपाखाली दुसरा खटला चालवला, ते दोषी ठरले आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी फाशी गेले. फ्लेमिंग कधीच सापडला नाही.

इथे मुलांना विचारा: या गोष्टीत कोण बोलत नाहीये? ठाण्यावर यिंतायिंतिन नावाचा अ‍ॅबोरिजिनल तरुण होता. गोरे लोक त्याला डेव्ही म्हणत. जे घडलं ते त्याला ठाऊक होतं. पण ख्रिस्ती शपथ घेता येत नाही म्हणून अ‍ॅबोरिजिनल माणसाची साक्ष तेव्हा कोर्टात चालत नसे. ज्याला सगळ्यात जास्त माहीत, त्याचंच तोंड कायद्याने बांधलेलं. मेलेल्यांचीही नावं बघा: 'डॅडी', 'चार्ली'. ही ठाण्यावरच्या लोकांनी ठेवलेली नावं. त्यांच्या आयांनी त्यांना काय हाक मारली, ते कोर्टाच्या कागदात नाही. हे कळतं तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती पहिल्या वर्षीच्या शांततेपेक्षा वेगळी असते.

*चौथा तास* सगळ्यात गरजेचा, कारण तिसऱ्या तासानंतर मुलं समाधानाने घरी जातात: वाईट झालं, पण न्याय मिळाला. तो गैरसमज तसाच ठेवला तर मायल क्रीक शिकवून नुकसानच होईल. मायल क्रीक हा अपवाद होता. त्याच वर्षी जानेवारीत, त्याच मुलखात, मेजर नन याच्या घोडदळाने वॉटरलू क्रीकला किती माणसं मारली यावर आजही एकमत नाही, आणि त्याबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. फाशीनंतर सरहद्दीवरच्या गोऱ्यांनी धडा घेतला तो एवढाच, की तोंड बंद ठेवायचं. नव्वद वर्षांनी, १९२८ साली, नॉर्दर्न टेरिटरीत कॉनिस्टनला हवालदार जॉर्ज मरे आणि त्याच्या टोळीने वार्लपिरी, अनमाट्येर आणि केटेट्ये लोकांना मारलं. सरकारी आकडा एकतीस, लोकांच्या आठवणीतला त्याहून खूप मोठा. चौकशी मंडळाने मारणाऱ्यांना निर्दोष ठरवलं. १९२८ म्हणजे काही मुलांच्या पणज्यांचा काळ. 'जुनी गोष्ट' म्हणणारं तोंड इथे थांबतं.

मग न्यूकॅसल विद्यापीठाचा हत्याकांडांचा नकाशा उघडते. प्रा. लिंडल रायन यांच्या गटाने तो केला, २०१७पासून तो सगळ्यांना खुला आहे. सहा किंवा अधिक असहाय माणसं मारली गेली तरच तिथे ठिपका पडतो, आणि प्रत्येक ठिपक्यामागे पुरावा किती भक्कम आहे, हेही दिलेलं असतं. मुलं पहिल्यांदा आपलं गाव शोधतात. त्यांना शोधू द्या. पाच जण मारले तर ठिपका का नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर देण्याची घाई करू नका, व्याख्या ठरवणं म्हणजे काय यावर अर्धा तास सहज जातो.

पायरी पाचवी: लढलेले लोकही दाखवा

फक्त मार खाणारे दाखवले तर मुलं कीव करायला शिकतात. बिजिगल लोकांचा पेमुलवुय १८०२मध्ये मारला जाईपर्यंत बारा वर्षं सिडनीभोवतीच्या वसाहतीशी लढला. विराजुरी लोकांच्या विंड्राडाइनमुळे गव्हर्नर ब्रिस्बेनला १८२४ साली बॅथर्स्टमध्ये मार्शल लॉ पुकारावा लागला. पश्चिमेला बुनुबा लोकांचा जांडामारा १८९७पर्यंत लढला. उमाजी नाईक माहीत असलेल्या मुलाला ही माणसं लगेच ओळखीची वाटतात. मी तुलना तेवढ्यावरच सोडते. "आपल्याकडेही असंच झालं" म्हणत गाडी भारताकडे वळवली की विरायराय लोक पुन्हा बाजूला पडतात.

'आपला काय संबंध?'

हा प्रश्न आपल्या मुलांकडून हमखास येतो: आम्ही पुण्याहून आलो, २०१६ साली, आमचा काय संबंध? प्रश्न प्रामाणिक आहे, त्यावर डाफरू नका.

मी त्यांना लॅकलन मॅक्वारीची गोष्ट सांगते. ज्या १७८८ साली पहिला ताफा सिडनीला लागला, त्याच साली हा तरुण अधिकारी पलटणीबरोबर मुंबईत उतरला. त्याचं पहिलं लग्न मुंबईत झालं आणि ती बायको मुंबईतच पुरलेली आहे. टिपूविरुद्धच्या मोहिमेत श्रीरंगपट्टणला तो होता. पुढे हाच माणूस न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. १८१६च्या एप्रिलमध्ये त्याने अ‍ॅबोरिजिनल लोकांवर सैन्य पाठवलं. विरोध करणाऱ्यांना मारा आणि बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून प्रेतं झाडांना टांगा, असा त्याचा लेखी हुकूम होता. १७ एप्रिलच्या पहाटेपूर्वी कॅप्टन वॉलिसच्या तुकडीने अ‍ॅपिनजवळ निदान चौदा जणांना मारलं. काही जण कड्यावरून कोसळले. अ‍ॅपिन आमच्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आहे. कुणाचा भाऊ मॅक्वारी विद्यापीठात शिकतो, कुणाची आई मॅक्वारी स्ट्रीटवर कामाला जाते. हाइड पार्कमध्ये २०१३ साली बसवलेल्या त्याच्या पुतळ्यावर तो परिपूर्ण सद्गृहस्थ होता, असं कोरलं आहे.

साम्राज्य एकच होतं, माणसंसुद्धा तीच. एवढं सांगितलं की 'आपला काय संबंध' हा प्रश्न मुलं स्वतःच वेगळ्या शब्दांत विचारू लागतात. आणि हो, गुन्हा तुमचा नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. गोऱ्या मुलांनाही सांगा. कान लाल करून बसलेलं मूल काही शिकत नाही.

काही गोष्टी अजिबात नको

नाट्यीकरण नको. 'तू घोडेस्वार, तू विरायराय' असं करून कुणाचंही भलं होत नाही. गळ्यात साखळ्या घातलेल्या कैद्यांची छायाचित्रं भिंतीवर नकोत. 'हत्याकांडं झाली की नाही' असा वादविवाद नको. पुरावा किती, कुणाचा, कसा तपासायचा, ही चर्चा जरूर करा. 'टास्मानियातले लोक संपले' हे वाक्य जुन्या पुस्तकात दिसलं तर तिथेच खोडा. पालावा लोक आजही टास्मानियात आहेत. हा विषय शुक्रवारी शेवटच्या तासाला घेऊ नका, मुलं ते ओझं घेऊन दोन दिवस एकटी राहतात. शाळेच्या समुपदेशकांना आधी कळवा. अ‍ॅबोरिजिनल मुलांना 'थर्टीन यार्न' या त्यांच्याच लोकांनी चालवलेल्या फोनसेवेबद्दल सांगून ठेवा.

शेवटची पंधरा मिनिटं

चौथ्या तासाच्या शेवटी दोन गोष्टी दाखवायला वेळ राखून ठेवते. पहिली, एका वर्तमानपत्राची माफी. १८३८मध्ये 'सिडनी हेरल्ड'ने खटल्याविरुद्ध रान उठवलं होतं. त्याचाच वारस असलेल्या 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'ने जून २०२३मध्ये अग्रलेख लिहून त्याबद्दल माफी मागितली. माफीतल्या वाक्यांतही मुलं लगेच कर्ता शोधायला लागतात.

दुसरी, मायल क्रीकचं स्मारक. १० जून २००० रोजी मारले गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज एकत्र आले आणि ते खुलं झालं. दरवर्षी जूनमध्ये तिथे लोक जमतात. २००५च्या जानेवारीत कुणीतरी तिथल्या फलकांवर हातोडा चालवला. मी मुलांना मूळ मजकूर देते आणि विचारते, तुम्हाला फक्त तीन शब्द फोडायचे असते तर कुठले फोडले असते? ती वहीत खुणा करतात. मग सांगते, फोडलेल्या शब्दांत 'खून', 'स्त्रिया' आणि 'मुलं' हे होते. फलक पुन्हा दुरुस्त केले गेले. यानंतर मी काही बोलत नाही. घंटा व्हायला पाच मिनिटं असतात, ज्यांना लिहायचंय ती लिहितात.